फुलीपाशी सही

"फुली केलीय, तिथे सही कर. दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

"सर, तपासायला दोन दिवस लागतील," सरिता म्हणाली.

सरिता वानखडे अकोल्याकडची. आमच्या हडपसरच्या कंपनीत टेस्टर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी. प्रोबेशनवर होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. मी तिचा प्रोजेक्ट मॅनेजर. त्याआधी बारा वर्षं कारखान्यात काढलेली. तिथे क्लार्क पेन्सिलने फुली करायचा आणि साहेब चहा पिता पिता त्यावर सही ठोकायचा. कागद वाचणारा साहेब नवखा समजला जाई.

आमचा क्लायंट इंग्लंडमधलं एक हॉस्पिटल. औषधाच्या बाटल्यांवर रुग्णाच्या नावाची चिठ्ठी छापणारा प्रोग्रॅम आम्ही केला होता. टेस्टरने 'साइन ऑफ' केल्याशिवाय ते तो घेणार नव्हते.

"अगं, म्हणजे सहीच ना?"

"नाही सर. मी स्वतः पाहिलं, मला पटलं, आता जबाबदारी माझी, असं सांगायचं. सही त्यानंतर."

डायरेक्टर मागेच उभे होते. "प्रोबेशनवर आहात ना आपण? प्रश्न छान पडतात."

सरिता रडवेली झाली, पण पेन उचलेना. मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण प्रोग्रॅम मीही नीट पाहिला नव्हता. मी क्लायंटकडून दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला बोलावलं. एका वॉर्डात एकाच आडनावाचे दोघे असले, की एकाच्या औषधावर दुसऱ्याचं नाव छापलं जात होतं.

"तुला हे सुचलं कसं?"

"आमचं अर्धं गाव वानखडेच आहे ना सर. दवाखान्यात नेहमी हाच घोळ होते." घाईत तिची वऱ्हाडी बाहेर यायची.

चूक दुरुस्त झाली. तिने पुन्हा तपासलं, काय सापडलं होतं ते क्लायंटला लिहून कळवलं, मग सही केली. क्लायंटची मेल आली: यापुढे साइन ऑफ याच बाईंचा हवा. डायरेक्टरांनी ती दोनदा वाचली. "कायम करा त्यांना. नाहीतर ते आपल्यालाच घरी पाठवतील."

कन्फर्मेशनचं पत्र मीच घेऊन गेलो. सवयीने फुली केलेली होतीच. सरिताने तिन्ही पानं सावकाश वाचली. मी उभाच.

"सर, खाली तुमची सही आहे. तुम्ही वाचलंय ना हे?"

मी पत्र परत घेतलं, चष्मा लावला आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढली. पेन्सिल तेव्हापासून शब्दकोड्यापुरती ठेवली आहे.