दुसऱ्याच्या नावाचा गिलावा

राबियाच्या बैठकीच्या खोलीला लोणा लागला होता. जमिनीतला ओलावा दर हिवाळ्यात थोडा थोडा वर चढायचा आणि भिंतीचे पोपडे खाली अंथरलेल्या गाद्यांवर गळायचे. तिचा नवरा शराफ रशियात गिलाव्याचंच काम करायचा. परक्यांच्या खोल्या आरशासारख्या गुळगुळीत करायचा आणि फोनवर कौतुकाने दाखवायचा, "बघ, पट्टी खालून वर ओढायची. मध्ये हात थांबला की भिंत बिघडली." आपल्या घराचं काम मात्र तो दरवर्षी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलायचा. बाहेरचा माणूस लावायचा नाही, असंही त्याने बजावून ठेवलं होतं. गिलावेवाल्याच्या घराला दुसऱ्याच्या हातचा गिलावा लागला, तर अख्ख्या कोनीबादाम गावात हसं होईल म्हणायचा.

त्या वसंतात तिची सासू, बीबी हनीफा, लेकीच्या बाळंतपणासाठी खुजंदला गेली. घरात राबिया आणि तिची लहानगी शहलो, दोघीच. एका सकाळी भिंतीचा पोपडा सुटून थेट चहाच्या प्याल्यात पडला. राबियाने प्याला बाजूला ठेवला, कोठीतून शराफचा हातोडा आणला आणि सुटलेला तेवढा भाग काढून टाकू म्हणून ठोकायला लागली. पण ठोकेल तिथे भिंत पोकळ वाजत होती. संध्याकाळपर्यंत सगळा गिलावा खाली आला आणि आतल्या कच्च्या विटा उघड्या पडल्या. आता मागे फिरायला वाट नव्हती.

घराला चुन्याचा हात देणं हे बायकांचंच काम. नवरोजच्या आधी घरोघरी बायका ते करतात. पण थापी आणि पट्टी हातात धरायची ती पुरुषाने. म्हणून राबियाने बाजारात गंचाची, गिलाव्याच्या पांढऱ्या भुकटीची, पोती घेताना भावासाठी हवीत असं सांगितलं. घरी आल्यावर फाटकाला कडी घातली आणि रस्त्याकडच्या खिडकीवर रजई टांगली. पहिलं मिश्रण घमेल्यातच दगड होऊन बसलं. दुसरं कसंबसं भिंतीवर चढलं. पहाटे धप्प आवाज झाला, जाऊन बघते तर अख्खा थर तंदूरमधून निसटलेल्या नानसारखा जमिनीवर पालथा पडलेला. ती त्या ढिगाऱ्यात बसून रडली. मग शराफला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलता बोलता विचारलं, "तुमच्या त्या फोटोतल्या भिंती आधी ओल्या का दिसतात हो?"

शराफ खुलला. कोरडी भिंत गंचातलं पाणी कसं पिऊन टाकते, विटांना खाचा का पाडायच्या, एका वेळी किती कालवायचं, सगळं त्याने रंगवून सांगितलं. बायकोला आपल्या कामात रस वाटतोय याचा त्याला एवढा आनंद झाला की तिलाच कसंतरी झालं. पण विचारायचं तिने थांबवलं नाही.

हळूहळू हात बसत गेला. गिलाव्याच्या सांध्यांना गाठी यायच्या, कोपरे वाकडे व्हायचे, ते खरवडून ती पुन्हा भरायची. पाडलेला राडारोडा अंगणात नेऊन खड्डे बुजवले. पाण्याचा पाट वेडावाकडा वाहत होता, तो सरळ खणला. द्राक्षवेलीच्या मांडवाचे कुजलेले खांब काढून लोखंडी नळ्या पुरल्या आणि पाटाच्या कडेने रैहान या सुगंधी पाल्याची आणि टोमॅटोची रोपं लावली. गंचाने बोटं फुटली होती. निजताना त्यांना मेंढीची चरबी चोळायची आणि चारचौघांत अस्तन्या ओढून घ्यायची. पण काम आटपून ती भिंतीसमोर टेकली की चहा प्याल्यात निवून जायचा तरी तिचं लक्ष नसायचं. उठून पुन्हा पुन्हा भिंतीवरून तळहात फिरवायची. एवढी सलग, एवढी गार वस्तू आपल्या हातून झाली याचं तिला नवल वाटायचं. शहलोला मात्र तिने बजावलं होतं, "हे कुणाला सांगायचं नाही हं. गंमत आहे."

रजई काढली त्याच दिवशी शेजारची गुलअंदाम ताजी नान घेऊन आली. गुलअंदामच्या मुलाचं लग्न उस्तो याकूबच्या मुलीशी, परवोनाशी, ठरलं होतं. साखरपुड्याची नान मोडून झाली होती, शरदात लग्न. याकूब विधुर, आणि गावातला जुना गिलावेवाला, कामातला उस्ताद म्हणूनच उस्तो. गुलअंदाम दारातच थबकली.

"अगं, ही तुझीच खोली का? कोणी केलं हे?"

मी केलं, असं म्हणायला राबियाने तोंड उघडलं. आणि तिला दिसलं की संध्याकाळपर्यंत नळावर बायका म्हणणार, शराफ रशियाच्या भिंती चोपडतोय आणि इथे त्याची बायको घमेली उचलतेय. तिच्या तोंडून निघालं, "उस्तो याकूबने."

दुसरं नाव सुचलंच नाही. गिलावा म्हटलं की गावात हेच नाव तोंडी यायचं.

"आमचे व्याही? आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत," गुलअंदाम हसून म्हणाली. तेव्हा अजूनही वेळ होती. थट्टा केली म्हणून सांगता आलं असतं. राबियाने मान खाली घालून तिच्यासाठी चहा ओतला.

पुढे जे झालं ते सरळच होतं. गुलअंदामने व्याह्यांजवळ कामाची तारीफ केली. याकूब चकित होऊन म्हणाला, त्या घराचा उंबरासुद्धा मी पाहिलेला नाही. आता तो खरं बोलत होता म्हणूनच सगळं बिघडलं. केलेलं काम कोण नाकारतं? नवरा परदेशात, सासू परगावी, खिडकीवर रजई आणि माणूस म्हणतो मी गेलोच नाही. गुलअंदामने पाटावर खेळणाऱ्या शहलोला खडीसाखर दिली आणि घरी कोण उस्तो यायचा म्हणून विचारलं. शहलो शहाण्यासारखी म्हणाली, "आईने सांगू नको म्हटलंय."

राबियाला हे कळलं ते भांड्यावरून. तिने वाडगाभर रैहान शेजारी पाठवला होता. इथे शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत येत नाही, चार बेदाणे तरी येतात. वाडगा रिकामा आला, आणि मागोमाग गुलअंदाम फाटकापर्यंत आली.

"मी आत येत नाही," ती म्हणाली. "याकूबकडची नान आणि कापड आम्ही परत पाठवतोय. मुलीचं वाईट वाटतं, पण बापच असा निघाला. तुझ्या सासूला मी काही बोलणार नाही. तू जाण आणि तुझा खुदा जाणे."

आता तरी बोलायला हवं होतं, पण राबियाने फाटकाला कडी घातली. घरात येऊन तिने स्वतःची समजूत घातली की गुलअंदाम तापट आहे, शांत होईल. सकाळ झाली, मग दुसरी सकाळ झाली आणि तिने फाटक उघडलं नाही. ज्या भिंतीकडे बघून पोट भरत नव्हतं, तिच्याकडे पाठ करून ती जेवायला बसायची.

शेवटी नानचं पीठ संपलं म्हणून बाजारात जावं लागलं. तिथे गाजरांच्या ढिगाशी परवोना उभी होती. बायका तिला बघून एकमेकींना कोपर मारत होत्या आणि ती पोर रुमाल कपाळावर ओढून, काहीच ऐकू येत नसल्यासारखी, एकेक गाजर उचलून खाली ठेवत होती. राबियाने पीठ घेतलंच नाही. तशीच उलटी फिरून गुलअंदामच्या घरी गेली.

अंगणात बायका रजया शिवत बसल्या होत्या. लग्न मोडलं तरी कापूस पिंजून झाला होता, तो वाया थोडाच घालवायचा. राबिया दारातूनच बोलली. "गुलअंदाम ओपा, उस्तो कधीच आले नाहीत. भिंत मी केली. लाज वाटली म्हणून त्यांचं नाव घेतलं."

सुया थांबल्या. गुलअंदाम शांतपणे म्हणाली, "आता त्याला वाचवायला आलीस."

"मी खरं सांगतेय."

"खरं तेव्हाही सांगितलं होतंस."

राबियाने अस्तन्या वर करून हात पुढे केले. एकजण म्हणाली, कापूस वेचणाऱ्या सगळ्यांचे हात असेच असतात. तेव्हा राबिया पडवीत रचलेल्या पोत्यांकडे गेली. नव्या जोडप्याच्या खोलीसाठी गुलअंदामने गंच आणून ठेवला होता. "घमेलं आणि पाणी द्या," ती म्हणाली.

बायका खोलीच्या दारात दाटीवाटीने उभ्या राहिल्या. राबियाने भिंत ओली केली, गंच कालवला. थापीवरचा पहिला लपका जमिनीवरच पडला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तिचे कान तापले. आयुष्यात एवढ्या नजरा तिने पाठीवर कधी झेलल्या नव्हत्या, लग्नातसुद्धा नाही; तेव्हा निदान तोंडावर पडदा होता. दुसरा लपका चिकटला. मग तिने पट्टी लावली आणि खालून वर ओढत नेली, हात न थांबवता. गंच आळायच्या आत संपवायला हवं, त्या घाईत ती बायकांना विसरली. दोन खिडक्यांमधला पट्टा पुरा करून मागे वळली तेव्हा कोणी हसत नव्हतं. गुलअंदाम भिंतीकडे न बघता तिच्याकडे बघत होती.

"अगं, एवढंच होतं तर बोलली का नाहीस?" ती म्हणाली, आणि खांद्यावरचा रुमाल काढून तिला हात पुसायला दिला. त्या रुमालाने राबियाला जास्तच मेल्यासारखं झालं.

गुलअंदामच तिला याकूबकडे घेऊन गेली. म्हातारा अंगणात जर्दाळूखाली बसला होता. राबियाने माफी मागितली. परवोनाने चहा आणला, तो त्याने ओतला नाही.

"मुली," शेवटी तो म्हणाला, "पुरुष परदेशी असलेल्या घरांतच माझी हयात गेली. उंबरा ओलांडताना मी आधी खोकतो, मग मान खाली घालतो. भिंत सोडून दुसरं काही बघत नाही. हे नाव मिळवायला फार वर्षं लागली. तू ते चहा ओतताना देऊन टाकलंस." मग तो म्हणाला, "माफ केलं. जा आता." पण हात छातीवर ठेवून आदराने निरोप दिला तो गुलअंदामलाच.

बीबी हनीफा परत आली तेव्हा तिला आगगाडीच्या स्टेशनपासून घरापर्यंत तीन तोंडांनी हकीकत कळली होती. ती भिंतीसमोर बसली, म्हणाली, "पोरीला खोटं शिकवलंस, ते मला सगळ्यांत लागलं," आणि उठून नमाजाला गेली. शराफचा फोन त्याच आठवड्यात आला. साइटवरच्या गाववाल्यांना बातमी पोचली होती, ते त्याला शराफ-खानम, म्हणजे शराफबाई, म्हणून हाका मारत होते. त्याने भिंत दाखवायला सांगितली. राबियाने फोन कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवला.

"डावीकडचा कोपरा बाहेर आलाय," तो म्हणाला.

"हो."

"हे मी करायला हवं होतं." मग पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं. त्याने फोन उताणा ठेवला होता, पण बंद केला नव्हता. ती फोन धरून बसली.

मोडलेलं लग्न पुन्हा जुळलं आणि ठरल्याप्रमाणे शरदात झालं. मधल्या काळात गुलअंदामने ती खोली पुरी करायला राबियालाच बोलावलं होतं. ती सासूला सोबत घेऊन गेली आणि दार सताड उघडं ठेवून काम केलं. लग्नाला मात्र तिच्याने जाववलं नाही. याकूबसमोर उभं राहायचं धाडस झालं नाही. बीबी हनीफा एकटी गेली आणि रुमालात बांधून ओशचा, लग्नातल्या पुलावाचा, वाडगा घेऊन आली.

"नवरीच्या पेट्या लावायला काल याकूब स्वतः आला होता म्हणे," ती रुमालाची गाठ सोडत म्हणाली. "खोली कोणी केली विचारलं. गुलअंदामने तुझं नाव सांगितलं. त्याने भिंतीवरून हात फिरवला."

"मग?"

"मग काही नाही. पेट्या त्याच भिंतीला नीट लावल्या आणि गेला. खा, निवतंय."

राबियाने वाडगा पुढे ओढला. या खेपेला ती भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली.