डी, एस आणि अप्पा

टायरच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. माणूस गाडी लावतो, चहा येतो, अलाइनमेंटला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात तो घरातलं सगळं सांगून मोकळा होतो. लातुरात माझं दुकान चालू होऊन वीस वर्षं झाली, म्हणजे डोक्यात किती भरलं असेल बघा. पण गेल्या वर्षापासून बाकीचे सगळे किस्से मागं पडलेत, कारण आमच्या बसूनं गाडी घेतली.

बसू म्हणजे बसवराज. मूळचा उदगीरचा, लातुरात भुसाराची आडत, माझा शाळेपासूनचा दोस्त. गाडी म्हणजे बुटकी, लांबलचक, लाल सेडान. ऑटोमॅटिक! क्लच नाही. डी वर टाकली की आपली आपण गिअर बदलते, एस वर, म्हणजे स्पोर्टवर, टाकली की पिसाळते. वर स्टेअरिंगच्या मागं दोन पाकळ्या आहेत, बोटानं ओढून गिअर बदलायला.

एवढी गाडी घेताना बसूच्या मनात एकच होतं. त्याचे वडील, अप्पा, बत्तीस वर्षं एस्टीवर ड्रायव्हर. त्यांना शेजारी बसवायचं आणि त्यांनी एकदा तरी म्हणावं, बरा चालवतोस. बाकी जगानं काय म्हणावं याची बसूला फिकीर नाही, हे लातूरच्या रस्त्यावर कुणालाही विचारा.

*

पहिला आठवडा डाव्या पायानं खाल्ला. पंचवीस वर्षं क्लच दाबलेला पाय, तो काय गप्प बसतोय? गिअर बदलायची वेळ झाली असं वाटलं की पाय थेट ब्रेकवर. गांधी चौकात गाडी अशी जागच्या जागी थांबली की मागच्या सीटवरचा पेढ्यांचा बॉक्स उडून पुढं बसलेल्या त्याच्या बायकोच्या, महानंदा वहिनींच्या, मांडीत. मागच्या रिक्षावाल्यानं बसूचं सगळं खानदान काढलं, ते वेगळंच.

आमचे जब्बारभाई ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. ते म्हणाले, डावा पाय विसरून जा. बसूनं त्यावर आपला इलाज काढला. आडतीत दिवसभर गादीवर मांडी घालून बसायची सवय, तर गाडीतही डावा पाय दुमडून घेतला आणि निघाला. औशापर्यंत ऐटीत गेला. तिथं रस्त्यालाच चार ओळखीचे व्यापारी उभे दिसले. बसूनं रुबाबात दार उघडलं, उतरला, आणि सरळ त्यांच्या पायाशी आडवा! पायाला मुंग्या आलेल्या. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही देऊन टाकला.

*

मग पाकळ्यांचा नाद लागला. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून हा शिकला. निलंगा रोडला आमच्या पुढं एक एस्टी होती. बसूनं एस टाकला, दोन गिअर खाली ओढले, इंजिन किंचाळलं, माझी पाठ सीटला चिकटली आणि एस्टी मागं गेली. मग पाच मिनिटं त्यानं मला आपण काय केलं ते समजावून सांगितलं. पुढं वळणावर उसाच्या दोन ट्रॉल्या अख्खा रस्ता अडवून चाललेल्या. आम्ही त्यांच्या मागं, आणि थोड्या वेळानं आमच्या मागं तीच एस्टी.

ट्रॉल्या बाजूला झाल्या तेव्हा एस्टीचा ड्रायव्हर आमच्या बरोबरीला आला. खिडकीतून वाकून लई अदबीनं म्हणाला, "मालक, घाई व्हती नं? मग निघा की."

त्या आठवड्यात टायर बघितले तर पुढचे दोन पार गुळगुळीत. बसू म्हणतो, मी तर डी वरच चालवायलोय. मी म्हणलं, बाबा, तू खोटं बोलशील, टायर कसं बोलंल?

*

जब्बारभाई, मी आणि बसू, तिघं अहमदपूरला निघालो. गाडी बुटकी, आणि आपल्याकडं प्रत्येक गावाला स्पीड ब्रेकर, काही गावांना तर घरं तितके. पहिल्याच ब्रेकरला गाडीचं पोट असं खरडलं की बसूच्या तोंडून आई गं निघालं. त्यानंतर प्रत्येक ब्रेकरला हुकूम सुटायचा, उतरा. आम्ही दोघं उतरायचो, गाडी रिकामी पलीकडं जायची, आम्ही चालत जाऊन बसायचो. जब्बारभाईंचं वजन शंभरच्या पुढं, ते घामाघूम.

चौथ्या की पाचव्या गावात पारावर बसलेल्या आजीनं विचारलं, बंद पडली का रं गाडी? जब्बारभाई कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "नै अम्मा, गाडी चालू है. हम बंद पड गए."

*

महानंदा वहिनी रोज सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करतात. एकदाच, शांतपणे, आणि मगच जेवण. घरचं कार्य होतं म्हणून त्या एकदा सकाळी लवकर उदगीरला निघाल्या, बसूच्या गाडीत, मागच्या सीटवर. बसू एस मध्ये. दर ओव्हरटेकला वहिनींनी गळ्यातलं लिंग मुठीत धरायचं आणि डोळे मिटायचे.

उदगीरला पोचल्यावर जाऊबाईंनी ताट वाढायला घेतलं आणि पूजा व्हायची आहे का म्हणून विचारलं. वहिनी म्हणाल्या, "सात येळा झाली. वाढा."

*

त्याच फेरीत पुढच्या सीटवर अप्पा होते. पहिल्यांदाच. नळेगावपर्यंत नुसता उजवा पाय, ब्रेक असल्यासारखा, खाली दाबत राहिले. नळेगावात म्हणाले, जरा थांबव, लघवीला जाऊन येतो. बसू थांबला. दहा मिनिटं झाली तरी अप्पा येईनात म्हणून हा शोधायला लागला, तेवढ्यात शेजारून उदगीरची एस्टी गेली. खिडकीत अप्पा! त्यांनी लेकाला हातही केला.

उदगीरला बसूनं विचारलं, असं का केलंत? अप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "मी पन्नास मानसं मागं घिऊन फिरलो. तू दोन घिऊन फिरायलास, त्येंच्या तोंडाकडं आरशात कदी बघितलंस का?"

त्यानंतर आठ महिने अप्पा त्या गाडीत बसले नाहीत. देवळात जायचं तर रिक्षा, दवाखान्यात जायचं तर रिक्षा. आम्ही सुरुवातीला बसूची चेष्टा करायचो, मग बंद केली. एकदा दुकानात चहा पिता पिता तो म्हणाला, विकून टाकू का रे गाडी? मला लई वाईट वाटलं. बसूला आयुष्यात कधी कुणाला असं विचारताना मी बघितलं नव्हतं.

*

आणि मग नांदेड.

अप्पांबरोबर पुष्कळ वर्षं एकाच गाडीवर असलेले कंडक्टर गंगाराम नांदेडला राहतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अप्पांना भेटायला जायचंच होतं, आणि कंबर धरली म्हणून डॉक्टरनं एस्टीला साफ नाही म्हणलेलं. शेवटी अप्पा कबूल झाले. अट एकच, सुभाष मागं बसला पाहिजे. सुभाष म्हणजे मी. साक्षीदार म्हणा, नाहीतर जामीन म्हणा.

सकाळी निघालो. बसूनं डी टाकला आणि पाकळ्यांना बोट लावलं नाही. एस्टीला वाट दिली, ट्रॅक्टरला वाट दिली, एका ठिकाणी तर शेळ्यांना दिली. ब्रेकर असा तिरका, अलगद घेतला की कुणाला उतरावं लागलं नाही. दर थोड्या वेळानं आरशात माझ्या तोंडाकडं बघायचा. अप्पांचा पाय तर अहमदपूरच्या अलीकडंच खाली दाबायचा थांबला होता.

अहमदपूर मागं पडलं आणि अप्पांची मान हळूच खिडकीकडं कलली.

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात असताना अप्पांचा डोळा कधी लागत नाही. बसूच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाडीत सगळे पेंगले, हे एकटे ताठ बसलेले. रेल्वेतसुद्धा झोपत नाहीत, म्हणतात, ड्रायव्हर दिसत न्हाई. आणि इथं चक्क तोंड उघडं टाकून घोरायला लागले! बसूनं माझ्याकडं वळून तोंडावर बोट ठेवलं. डोळ्यात पाणी आलेलं, ते त्यानं पुसलंही नाही.

लोहा मागं टाकून दुपारी नांदेडात शिरलो. गंगारामांची गल्ली आली आणि गेली. मी हळूच म्हणलं, अरे, घर मागं राहिलं. बसू कुजबुजला, "थांबलं की उठतील. ड्रायव्हर मानूस हाय."

मग काय, वजिराबाद, गोदावरीचा पूल, परत वजिराबाद, स्टेशन. तीन फेऱ्या! गंगारामांचे दोन फोन आले, जेवायला थांबलेत म्हणून. मी तोंडावर हात धरून ट्रॅफिक आहे सांगितलं. बसू आपला माणूस चालतो त्या वेगानं गाडी फिरवतोय, मागून लोक हॉर्न मारतायत, आणि हा हात जोडून त्यांनाच पुढं जायला सांगतोय.

चौथ्या फेरीला स्टेशनसमोर अप्पांनी डोळे उघडले.

"आलं का नांदेड?"

बसू समोरच बघत होता. "न्हाई अप्पा. अजून लोहा बी आलं न्हाई. झोपा तुमी."

समोर स्टेशनवर हातभर अक्षरात नांदेड लिहिलेलं. अप्पांनी ते सावकाश वाचलं.

"बरं," म्हणाले, आणि परत डोळे मिटले.