तिकीट खिडकीवरची पाटी

तिकीट खिडकीत बसणाऱ्याला किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. भोकातून हात आत येतो, आणि हातामागून किस्सा! जुन्या जालन्यातल्या आमच्या टॉकीजमध्ये मी बारा वर्षं खिडकीत बसतेय. त्यातले निम्मे किस्से तिकिटांचे नाहीतच, खिडकीशेजारच्या पाटीचे आहेत. आणि ती पाटी काढायची भाषा करणाऱ्याशी मी आजही भांडायला तयार आहे!

*

पाटी आणली मोठ्या शेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी. त्याआधी एका बापाने खिडकीवर येऊन माझी चांगलीच हजेरी घेतली होती. "पोस्टरवर सगळे हसून राह्यले म्हून पोरीला आणलं. आता ती एकटी मोरीत जायना!"

शेठनी ते ऐकलं. संध्याकाळी फळ्याएवढी काळी पाटी आणि खडूचा डबा घेऊन आले. म्हणाले, "शोभाताई, शुक्रवारचा पहिला शो आपल्या लोकांनी बघायचा, अन् आत काय आहे ते इथं लिहायचं. चांगला-वाईट लिहायचं नाही. दाखवायचं की नाही, ते आई-बाप ठरवतील."

तेव्हापासून मी, ऑपरेटर रहीमचाचा आणि गेटकीपर नामदेवभाऊ असं आमचं तिघांचं सेन्सॉर बोर्ड! खऱ्या बोर्डाने त्यांचं सर्टिफिकेट खुशाल द्यावं. त्यांना जालन्याची पोरं कुठं माहीत आहेत?

*

एकदा मी रजेवर होते, आणि चाचा बिघडलेल्या मशीनमध्ये अडकलेले. पाटी एकट्या नामदेवभाऊंनी लिहिली: "मारामारी आहे. खून नाही."

दुसऱ्या दिवशी एक आई दोन पोरांना बखोटीला धरून मधूनच बाहेर आली. "खून न्हाई म्हणता? तीन पडले की हो लागोपाठ!"

चौकशी केली. नामदेवभाऊंची जुनी सवय अशी, की पडद्यावर गाणं लागलं की हे चहाला बाहेर. आणि तिन्ही खून एकाच गाण्यात!

भाऊ काही चूक कबूल करेनात. "चहाला गेल्तो, बराबर हाय. पर गाण्यात खून करतेत का कुठं? ही काय पद्धत झाली!"

आता त्यांचा चहा आत जातो.

*

अंबडकडचे एक आजोबा तीन नातवंडांना घेऊन आले. त्या आठवड्याची पाटी भयंकर होती. हीरो वीस-पंचवीस माणसं आडवी करतो, दोन गाड्या जळतात, वगैरे. आजोबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "बैलाला काही होतं का?"

मी म्हटलं, "बाबा, एवढी माणसं मरतात, त्याचं काही नाही?"

"माणसांचं खोटं असतं, पोरांना ठाऊक हाय. पोस्टरवर बैल दिसून राह्यला. त्याला कुणी मारलं तर ही पोरं घरी गोठ्यात पाऊल टाकायची न्हाईत."

बैलाला काहीच होत नव्हतं. आजोबांनी चार तिकिटं घेतली आणि पाटीवर जनावरांची वेगळी ओळ आली.

*

एक कडक इस्त्रीवाले गृहस्थ होते. पाटीवर मी लिहिलं होतं, "शिव्या नाहीत. रक्त नाही. मुलगी घरच्यांचं न ऐकता शिकायला शहरात जाते." त्यांनी बोटाने काच वाजवली. "खाली लिहा, मुलींना दाखवू नये."

"साहेब, आम्ही फक्त आत काय आहे ते लिहितो."

"हे संस्कार बिघडवणं आहे!"

"मग तुमच्या घरी नका दाखवू. माझ्या पाटीवर तुमचा खडू चालणार नाही!"

ते तक्रार करायला मोठ्या शेठकडे गेले. त्यांच्या मागे रांगेत बुरख्यातल्या एक बाई होत्या. त्यांनी पाटी परत एकदा सावकाश वाचली आणि भोकातून पैसे सरकवले. "पाँच देओ बहन. तीनों बच्चियां, मैं, अन् इनके अब्बा. उन्कू तो पहले दिखाना!"

*

मंठ्याची एक बाई महिन्यातून एकदा माहेरी जालन्याला येते, आठ वर्षांच्या पोरीला घेऊन. पहिल्यांदा आली तेव्हा पाटी पूर्ण वाचून तिने पोरीला जरा लांब उभं केलं आणि हळूच विचारलं, "ताई, बाप मरतो का?"

पोरीचा बाप वर्षापूर्वी गेला होता.

"हो," मी म्हटलं. "इंटरव्हलनंतर."

"मंग आज न्हाई," असं म्हणून ती पोरीला रस पाजायला घेऊन गेली. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. माणसं, गाड्या, बैल, सगळं लिहिलं होतं, एवढंच नव्हतं. रहीमचाचांना सांगितलं, तर म्हणाले, "बाप का सबसे उप्पर लिखो. बाकी बाद में."

*

मोठे शेठ मागच्या वर्षी गेले. त्यांच्या मुलाने, धाकट्या शेठनी, कारभार घेतला. ऑफिसात बसायचे, हिशेब बघायचे, पण वर्षभरात थिएटरच्या आत पाऊल टाकलं नाही. एका शनिवारी त्यांनी तीन कुटुंबं पाटी वाचून परत जाताना पाहिली, आणि पाटी उचलून आत नेली. "गिऱ्हाईक पळवते ही. आजपासून बंद. कुणी विचारलं तरी सांगायचं नाही."

"मग खिडकीत तुम्हीच बसा," मी म्हटलं. "मला एक वेळ नोकरी सोडता येईल, गप्प बसता येणार नाही!"

ते तावातावाने येऊन बसले. मी मागे हाताची घडी घालून उभी राहिले. भोकातून पहिला हात आला तो मंठ्याच्या बाईचा.

"दादा, पाटी कुठंय?"

"काढली."

"मंग तुम्हीच सांगा. बाप मरतो का?"

शेठनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"विचारलं तरी सांगायचं नाही, तुम्हीच म्हणालात."

रांग जागची हलेना. आत बाराचा शो संपत आला होता. "दोन मिनिटं," म्हणून शेठ उठले आणि जिना चढून रहीमचाचांच्या केबिनमध्ये गेले; तिथल्या झरोक्यातून पडदा दिसतो. अर्धा तास झाला तरी खाली येईनात. बाई पोरीला घेऊन कट्ट्यावर बसून राहिली.

खाली आले ते तोंड धुऊन. खिडकीत न बसता ते बाहेर बाईपाशी गेले.

"मरतो, ताई. आज नका नेऊ तिला."

मग आत येऊन, माझ्याकडे न बघता, हात पुढे केला.

"शोभाताई, खडू द्या."