उपाशीपोटी पहिली भेट

झोप उडाली म्हणून लेकीनं मला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मी आपली रक्त तपासायला जावं तशी उपाशीपोटी गेले, काखेत जुन्या रिपोर्टांची फाइल घेऊन. "उपाशीच आलेय," मी सांगून टाकलं. बाईंनी फाइल न उघडताच बाजूला ठेवली. "सकाळपासून काहीच खाल्लं नाहीत?" म्हणत डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्यापुढे केलं.

घरात सगळ्यांना वाढणारी मी. मला हे शेवटचं कोणी विचारलं होतं, आठवेना. पहिल्याच घासाला डोळे भरून आले आणि मग तासभर बोलतच सुटले. दुखरी जागा सापडायला सुईच टोचावी लागते असं थोडंच आहे!

बाहेर पडले तोच लेकीचा फोन. "आई, काय दिलं गं त्यांनी?"

"थालीपीठ," म्हणाले आणि भर रस्त्यात खळखळून हसले, कित्येक महिन्यांनी.