खुर्चीवर बसवलेली मुलगी

शनिवारी दुपारी परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या संयोजक बाईंचा फोन आला. आमच्याकडे राहणाऱ्या जर्मन मुलीला दुसरं घर हवंय, म्हणाल्या. उद्या चारला येते, ठरवून टाकू.

मी फोन ठेवला आणि ओटा पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता. मुलगी सोळा वर्षांची, इथल्या शाळेत वर्षभरासाठी आलेली. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी तिला तीनच आठवडे झाले होते. काय कमी पडलं? गिझर होता, तिच्यापुरती बिनतिखटाची भाजी होती. ताट उचलायला उठली तर मी ते हातातून काढून घ्यायची.

रविवारी पारोळ्याहून मोठ्या जाऊबाई वांगी घेऊन आल्या. भरताचा बेत आधीच ठरलेला. गच्चीवर कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या. माझी मुलगी वांगी उलटत होती, मी तिच्यावर ओरडत होते, "करपलं ते! लक्ष कुठंय?" जर्मन मुलगी आम्ही दिलेल्या खुर्चीवर. माझं सारखं घड्याळाकडे लक्ष. शेवटी जाऊबाईंना सगळं सांगून टाकलं.

वांगं सोलता सोलता त्या म्हणाल्या, "बठ्ठं तूच करस. मंग ती पोर काय नुस्ती बठी ऱ्हाई? तिले घरमा ठेयेल शे का देव्हारामा?"

"अक्का, सगळं मीच करणार ना, पाहुणी आहे ती."

"वरीसभरनी पाहुनी?"

चारपर्यंत थांबणं मला जमेना. सरळ जाऊन मुलीला इंग्रजीत विचारलं, काय बिघडलं?

ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या मुलीला रागावता. मला कधीच नाही. हॉटेलात राहिल्यासारखं वाटतं. आणि खोलीचं दार लावलं की लगेच कुणीतरी आत येतं."

मला रागच आला. एवढं करून हे ऐकायचं! पण त्यात खोटं काही नव्हतं. दार लावलं की मीच आत जायची; मला वाटायचं, एकटीला करमत नसेल. मी भरतासाठी लसूण ठेचायची लाकडी मुसळी तिच्या हातात दिली. पहिल्याच घावाला निम्मा लसूण गच्चीभर उडाला.

"अगं हळू! दोन्ही हातांनी धर!" घाईत मराठीच तोंडातून निघालं. तिनं दोन्ही हातांनी धरली.

चारला बाई आल्या. मुलगी त्यांना म्हणाली, महिनाभर बघते, मग सांगते. राहते असं म्हणाली नाही.

बाई गेल्यावर मी तिला सांगितलं, "उद्यापासून दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायचं काम तुझं."

"रोज?"

"रोज. आणि दार लावलंस तर कुणी येणार नाही."

तिनं लगेच जाऊन दार लावलं. जेवणाच्या वेळेपर्यंत मी तीनदा त्या दारापर्यंत गेले आणि परत आले.