मुका फिल्टर

माझा धाकटा मामा सूतगिरणीत फिटर होता. एकतीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. चालू यंत्रात बिघाड कुठं आहे ते लोक बघून ओळखतात, मामा ऐकून ओळखायचा. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाच्या भोकाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचा, हे आठवडाभर जाईल. आठव्या दिवशी ते बेअरिंग जाम झालेलं असायचं. इंजिनियर लोकसुद्धा त्याच्याशी पैज लावायला धजत नसत.

गिरणीला टाळं लागलं तेव्हा ऑफिसातलं सामान निघालं. खुर्च्या, कपाटं, पंखे ज्यानं त्यानं उचलले. साहेबाच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी होती आणि तिच्यात एकटाच ऑस्कर मासा. काळाकुट्ट, अंगावर निखाऱ्यासारखे डाग, तळहाताएवढा. त्याला कुणी हात लावेना. मामानं तो टाकीसकट घरी आणला आणि नाव ठेवलं 'साहेब'. आता इतक्या वर्षांनी साहेब त्याच्या हातानं जेवायचा, रुसला तर तोंड फिरवून कोपऱ्यात बसायचा. "साहेबांची आज तब्येत बरी नाही," असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि ते सांगताना त्याला काय गोड वाटायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत ऊन येतं, उन्हानं टाकीत शेवाळ धरतं. म्हणून टाकी मागच्या खोलीत. त्याच खोलीत मामीची कॉट. मामी दवाखान्यात नर्स आहे, यंदापासून कायमची रात्रपाळी. सकाळी साडेआठला घरी येते, चार घास खाते आणि नऊ ते दोन झोपते. तेवढीच तिची झोप. आणि टाकीतला जुना फिल्टर असा चालायचा की कुणी तरी उशाशी बसून तासन्‌तास चूळ भरतंय.

मामानं सरळ उपाय केला. मामी झोपली की फिल्टर बंद, उठली की चालू. तीन आठवड्यांत पाण्याला वास मारायला लागला आणि साहेब वर येऊन आ वासून तरंगू लागला. पाळीव माशांच्या दुकानातल्या माणसानं मामाची बिनपाण्यानं केली. हा मासा म्हशीसारखा खातो आणि म्हशीसारखीच घाण करतो, म्हणाला. फिल्टरच्या स्पंजात डोळ्याला न दिसणारे जंतू असतात, ते ही घाण खातात, आणि त्यांना सतत वाहतं पाणी लागतं. रोज पाच तास बंद ठेवून तुम्ही त्यांना मारताय. गिरणी अशी चालवली असती का?

हे मामाला चटकन पटलं. दुकानदारानं मग बाहेरचा फिल्टर सुचवला. बादलीएवढा डबा, तो टाकीखालच्या कपाटात ठेवायचा. एक नळी पाणी खाली आणते, दुसरी वर सोडते, मोटर डब्याच्या झाकणात. कपाटाचं दार लावलं की घरात फिल्टर आहे हे पाहुण्याला कळूसुद्धा नये.

मामानं तो फिल्टर बैल पारखावा तसा पारखला. झाकणाची रबरी कडी चिमटीत दाबून बघितली, पुढं-मागं हिनंच गळती लागते म्हणून. पकडीचे चाप वीस वेळा उघडले, वीस वेळा लावले. आतल्या फिरकीचा दांडा लोखंडाचा की चिनीमातीचा, सुटी फिरकी दुकानात मिळते का, नळ्या काढताना पाणी अडवायला नळ आहेत का, सगळं विचारलं. मग एकेक डबा बादलीच्या पाण्यावर चालवायला लावला आणि खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. एकाचे दात वाजतात म्हणाला. एकाला धाप लागते म्हणाला. तिसऱ्यावर टोक टेकवून बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "याची नाडीच लागत नाही. हा द्या."

दुसऱ्या दिवशी मामी उठली ती डोळे चोळत. कसला तरी आवाज येतो, म्हणाली. बारीक, डासासारखा. मामानं कपाट उघडलं, टोक टेकवलं. काही नाही. डब्यात हवा अडकली असेल म्हणून डबा तिरका करून बुडबुडे काढले. खाली फोमचा तुकडा घातला. नळ्या भिंतीला टेकत होत्या त्या सोडवल्या. मामी म्हणाली, आहेच. मामानं तो फिल्टर बदलून दुसरा आणला, तोही स्क्रूड्रायव्हर लावूनच. त्यातही डास. मग तिसरा आणला. तो जोडताना मामा गुडघ्यावर बसला होता, कपाळावर घाम होता, आणि मामीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "हां, आता नाही."

झालं. मामाला आकाश ठेंगणं. भेटेल त्याला धरून घरी न्यायचा आणि कपाटासमोर उभं करायचा. मलाही केलं. ऐकू येतंय का काही, विचारलं. येत होतं. सुईनं काचेवर रेघ ओढत राहावं तसा एक बारीक सूर त्या कपाटातून येत होता, मिनिटभर उभा राहिलो तर माझे दात शिवशिवले. मी तोंड उघडलं, तर मामाच्या पाठीमागं मामी मान हलवत होती, नको म्हणून. मी म्हणालो, नाही बुवा, काहीच नाही.

असे दोन महिने गेले. एक दिवस मामीनंच हसत हसत सांगितलं, की वॉर्डात औषधांची गाडी ढकलता ढकलता उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. गाडी पेशंटनं धरली, म्हणाला, "सिस्टर, तुम्ही माझ्या कॉटवर पडा, मी बाकीच्यांना गोळ्या वाटतो." मामा हसला नाही. तुझं रक्त तपासून घे म्हणून मागं लागला.

त्याच आठवड्यात उशांचे अभ्रे धुवायला काढताना त्याला मामीच्या उशीखाली कापसाचे बोळे सापडले. दोन, कानाच्या भोकाएवढे. मी तेव्हा तिथंच स्वयंपाकघरात चहा पीत होतो. मामा ते बोळे तळहातावर घेऊन आला आणि मामीसमोर धरले. ती भांडी विसळत होती.

"आवाज येतोय अजून," मामा म्हणाला. विचारलं नाही, म्हणालाच.

"येतो."

"मग मला का येत नाही?"

मामीनं नळ बंद केला. वळून त्याच्या समोर आली, ती नेहमी समोर येऊनच त्याच्याशी बोलते हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. "अहो, बारीक आवाज तुम्हाला ऐकूच येत नाहीत. कुकरची शिट्टी येते, दाराची बेल येत नाही. आज नाही, गिरणी चालू होती तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्हाला ऐकू गेलं नाही."

मला ठसका लागला. मामा मात्र खाली बसला. एकतीस वर्षं ज्या कानाच्या जिवावर तो गिरणीत ताठ मानेनं फिरला, तो कान गिरणीनंच कधी काढून घेतला याचा त्याला पत्ता नव्हता. थरथर त्याच्या मुठीला कळायची, तेवढं शाबूत होतं. पण वरच्या पट्टीतलं सगळं गेलं होतं, आणि तिन्ही फिल्टर त्यानं नेमके असे निवडले होते की थरथर नाही आणि बारीक सूर मात्र आहे.

थोड्या वेळानं तो उठला. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरला टाकी हवी होती, बाहेर बसलेल्या पेशंटना बघायला. उद्या नेऊन टाकतो म्हणाला. "साहेबांची बदली झाली समज." आवाज असा काढला की जणू काही विशेष नाही. पण टाकीकडं त्यानं बघितलं नाही.

मामीनं हात पुसले. "बदलीबिदली काही नको. झोपायचं मला आहे ना? मग फिल्टर मी निवडते. उद्या कामावरून सरळ दुकानात."

सकाळी नऊला दुकान उघडलं तेव्हा आम्ही तिघं पायरीवर हजर. मामी रात्रपाळीच्या कपड्यांतच होती, डोळे तांबारलेले. दुकानदारानं तिला प्लास्टिकची खुर्ची दिली. तिनं पर्स मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. मामा गुडघ्यावर बसून एकेक डबा बादलीवर जोडायला लागला. नळ्या लावायच्या, पाणी भरायचं, हवा काढायची आणि मागं सरकून मामीच्या चेहऱ्याकडं बघायचं.

पहिल्याला मामी म्हणाली, डास. दुसऱ्याला म्हणाली, शेजारच्या घरात कुणी तरी शिवणयंत्र चालवतंय. तिसरा दिसायला ओबडधोबड होता, फिरकी मंद, पाणी कमी ओढणारा. एका मोठ्या माशाला हा पुरणार नाही, दोन लावावे लागतील, असं दुकानदारानं आधीच सांगून ठेवलं होतं. मामानं तो चालू केला आणि मागं सरकला.

मामी काही बोलली नाही.

मामानं मला खूण केली. मी वाकून कान दिला. पाणी नळीतून उतरत होतं, तेवढंच. मी मान हलवली, काही नाही म्हणून. "खरं सांग," मामा म्हणाला, "मागच्या वेळी तूही खोटं बोलला होतास." मी शपथ घेतली. दुकानदारानंही ऐकून बघितलं.

"कसा वाटतो ताई?" त्यानं विचारलं.

मामीची मान खांद्यावर कलली होती. तोंड थोडं उघडं. दर श्वासाला खालचा ओठ जरासा फुगत होता. ढाराढूर झोपली होती.

दुकानदार प्लग काढायला वाकला तसं मामानं त्याचं मनगट धरलं. दुसरा असलाच डबा बांधून ठेवा, पण हा चालू राहू दे, म्हणाला. आणि मग तो दारात जाऊन उभा राहिला. गिऱ्हाइकं येत होती, कुणाला माशांचे दाणे हवे, कुणाला टाकीत लावायची झाडं. मामा प्रत्येकाला वाटेतच अडवून कानात सांगायचा, बायको झोपलीय, जरा दमानं. त्याची कुजबुज अशी, की रस्त्यापलीकडच्या शिंप्यानं डोकं बाहेर काढून काय झालं म्हणून विचारलं. मामी हललीसुद्धा नाही.

शेवटी दुकानदारानं शटर अर्धं खाली ओढलं आणि तो, मामा आणि मी बाहेर पायरीवर बसून राहिलो, मामी उठेपर्यंत.