बशीचा अर्थ

खुणामास्तरांसमोर कुणी नुसतं शिंकलं तरी त्यांना आठवडाभराचं खाद्य मिळायचं. शिंक आली म्हणजे सर्दी झाली, असं समजणारी माणसं त्यांच्या लेखी अडाणी. शिंकणारा कुणाकडे तोंड करून शिंकला, शिंकून कुणाकडे बघितलं, यात म्हणे सगळी ग्यानबाची मेख!

कॉलेजात ते पहिल्या वर्षाला संवादशास्त्राची ओळख करून देत. दरसाल पहिल्या तासाला फळ्यावर दोन गोल आणि मधे एक बाण. "हा सांगणारा, हा ऐकणारा, आणि हा जातोय तो निरोप. पण निरोप म्हणजे नुसते शब्द नव्हेत बरं का! खुर्ची बोलते, चप्पल बोलते, बंद दार तर भाषणच करतं. वस्तू ही खूण, आणि खुणेमागे दडलेला तो अर्थ. शब्दांना चिकटून बसतो तो अर्धा बहिरा." पोरांनी बाकी काही नाही तरी नाव तेवढं चोख ठेवलं.

घरीही तेच. भाजी खारट झाली की मास्तर घास हातात धरून बायकोकडे रोखून बघत.

"तुला काहीतरी सांगायचंय."

"हो. मिठाचा डबा हातातून निसटला."

"तेच. निसटला की निसटू दिला?"

बाई कपाळावर हात मारून घेत. त्याचाही मास्तर अर्थ लावत.

निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि मास्तरांना हाव सुटली. हाव पदाची नव्हती, खोलीची होती. आख्खी नोकरी त्यांनी शिक्षकांच्या सामाईक खोलीत काढली, तीही पाण्याच्या पिंपाशेजारी. येणारा जाणारा त्यांच्या डोक्यावरून हात घालून पेला भरायचा आणि निम्मं पाणी मास्तरांच्या वहीवर सांडायचा. प्रमुखाच्या खोलीला दार होतं, खिडकी होती, दारावर नावाची पाटी होती. एकदा तरी त्या दाराआड बसून पंख्याचा आवाज ऐकावा, एवढीच माणसाची इच्छा.

आणि त्याच सुमारास बशी आली.

प्राचार्यबाईंच्या खोलीत शिक्षकांना चहा मिळे तो काचेच्या ग्लासात. कपबशी निघायची ती तपासणीला आलेल्या साहेबांसाठी. त्या दिवशी मास्तर वेळापत्रकावर सही घ्यायला गेले, तर समोर कप. कपाखाली बशी. बशीला सोनेरी काठ! मास्तरांनी चहा गार होईस्तोवर बशीकडेच बघितलं. बाई म्हणाल्या, "घ्या ना सर, निवतोय." त्या 'घ्या'मध्ये मास्तरांना खोली दिसली, दार दिसलं, पाटी दिसली.

घरी येऊन त्यांनी फर्मान सोडलं, "अगं, पडदा शिवायला घे. खिडकीला ऊन फार येतं."

"कुठल्या खिडकीला?"

मास्तरांनी बशीची कथा सांगितली. बायकोने मशीनवरचं कापड बाजूला केलं.

"अहो, पण बाईंना विचारलंत का, मला करता का म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? निरोप पोचलाय. आता तोंड उघडणं म्हणजे त्यांच्या बशीचा अपमान."

"तोंडाला काय भाडं पडतं का तुमच्या?" असं म्हणत तिने पडदा शिवला मात्र. फिकट हिरवा, खाली छान दुमड घालून.

सोमवारी मास्तर काखेत पडदा मारून प्रमुखाच्या खोलीत शिरले, तर खुर्चीवर जाहिरातवाली. ही मास्तरांहून बरीच धाकटी, जाहिरातलेखन शिकवायची, आणि आत्ता टेबलाचा खण ओढून बघत होती.

"या ना सर! अय्या, पडदा आणलात? कित्ती गोड!"

"तू इथे कशी?"

"मी बाईंना म्हटलं, मला करा. त्या म्हणाल्या, कर बाई, कुणीतरी करायलाच हवं."

मास्तरांच्या पायाखालची फरशी सरकली. ते तसेच पडद्यासकट प्राचार्यबाईंकडे गेले.

"बाई, ती बशी..."

"कुठली बशी?"

"सोनेरी काठाची. त्या दिवशी मला चहा दिलात त्यात."

बाईंनी आठवून बघितलं. "हां, ती! ग्लासांचा आख्खा ट्रे फुटला होता हो. आठवडाभर सगळेच कपात पीत होते."

"पण मी ज्येष्ठ आहे, बाई."

"अहो, मग बोलायचंत की! सभेत मी सगळ्यांसमोर विचारलं, कुणाला हवंय? तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात."

"ते सूचक मौन होतं."

"मला वाटलं, तुम्हाला नकोय." मग बाई जरा नरमल्या. "सर, निरोप कसाही धाडा, अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात ठरतो. माझ्या भाचीने तुमचंच हे वाक्य पाठ केलंय. परीक्षेत आलं होतं म्हणे."

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले आणि पडदा मशीनवर ठेवून खुर्चीत बसले. मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "अगं, मला चहा हवाय. आणि आज मला फार वाईट वाटतंय."

बायको हातातलं काम टाकून धावत बाहेर आली.

"काय झालं? नोकरी गेली की काय?"

"नोकरी आहे. खोली गेली. जिने मागितली तिला मिळाली."

तिने पडद्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. टोमणा अगदी ओठांवर आला होता, तो गिळून ती आत गेली. चहा आला. कप होता, खाली बशी नव्हती. मास्तरांची नजर कपाखालच्या रिकाम्या जागेवर खिळली. मान हळूच स्वयंपाकघराकडे वळली.

"बशी..."

"घासायला पडलीय," आतून आवाज आला. "अर्थ लावू नका. प्या."

मास्तरांनी नाही लावला. निदान चहा संपेपर्यंत तरी.